बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलमध्ये श्रोडिंजरचे समीकरण

भौतिक रसायनशास्त्राच्या तृतीय वर्षात पुंजयांत्रिकीचा (क्वांटम मेकॅनिक्सचा) घटक आला, की फळ्यावर श्रोडिंजरचे समीकरण, म्हणजे इलेक्ट्रॉनचे वर्तन सांगणारे मूळ समीकरण, मांडून पेटीतल्या कणाचे उत्तर काढायचे, हायड्रोजन अणूपर्यंत जायचे, आणि ‘याहून मोठ्या प्रणालींची उत्तरे संगणकाने काढतात’ एवढे सांगून पुढच्या घटकाकडे वळायचे, ही पद्धत मी विद्यार्थिनी असतानाही होती आणि शिकवायला लागले तेव्हाही होती. त्या एका वाक्याच्या पलीकडे आजचे निम्मे रसायनशास्त्र उभे आहे. औषधाचा रेणू प्रथिनात कसा बसेल, उत्प्रेरकावर अभिक्रिया कोणत्या वाटेने जाईल, वर्णपटातले एखादे शिखर कोणत्या कंपनाचे आहे, हे प्रश्न आता अशा संगणकीय गणनाशिवाय सुटत नाहीत. १९९८ चे रसायनशास्त्राचे नोबेल वॉल्टर कोन आणि जॉन पोपल यांना मिळाले ते याच कामासाठी. तरीही आमचे विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडत तेव्हा त्यांनी पाण्याच्या रेणूचेसुद्धा गणन स्वतः केलेले नसे. ते त्यांना स्वतःच्या हाताने करायला मिळावे, म्हणून गेली काही वर्षे मी आणि आमच्या विभागातले सहकारी जे करत आलो, त्याची ही हकिगत आहे.

आमचे महाविद्यालय तालुक्याच्या ठिकाणी आहे. बहुतेक मुले मराठी माध्यमातून आलेली, घरी शेती. संगणक मोजक्यांकडे, मोबाईल सर्वांकडे. संगणक प्रयोगशाळा आहे, पण ती संगणकशास्त्र विभागाची. तिथले संगणक जुने, चार जीबी रॅमचे, आणि दुपारी वीज गेली की सगळे एकदम बंद होणारे.

पहिला प्रश्न परवान्याचा आला. या क्षेत्रातली जी व्यापारी सॉफ्टवेअर संशोधनसंस्थांमध्ये वापरली जातात, त्यांची किंमत आमच्या विभागाच्या वार्षिक तरतुदीत बसणारी नव्हती. खरे तर या विषयाची सुरुवात अगदी वेगळ्या वातावरणात झाली होती. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात पुंजरसायनशास्त्राच्या प्रणालींच्या (सॉफ्टवेअरच्या) देवाणघेवाणीचे केंद्र सुरू झाले, आणि पोपल यांच्या गटाची ‘गाउसियन ७०’ ही प्रणाली त्याच केंद्रामार्फत जगभर पोचली. पुढे चित्र बदलले. पण विनामूल्य प्रणाली आजही पुष्कळ आहेत, आणि त्यांतली कोणती घ्यायची हे ठरवताना किमतीइतकाच वाटपाचा हक्क पाहावा लागतो, हे मला कामाला लागल्यावर उमगले. जर्मनीतल्या म्यूलहाइम इथल्या माक्स प्लांक संस्थेशी जोडलेली ‘ऑर्का’ शैक्षणिक वापरासाठी विनामूल्य मिळते, आयोवा राज्य विद्यापीठाची ‘गेमेस’ही तशीच मिळते. दोन्ही उत्तम आहेत. मात्र त्यांसाठी नोंदणी करावी लागते आणि त्यांची प्रत दुसऱ्याला देता येत नाही. मला तर पेनड्राइव्हवर सगळे भरून विद्यार्थ्याला ‘घरी ने, चुलतभावाच्या लॅपटॉपवर टाक’ असे निःशंक मनाने सांगता यायला हवे होते, आणि शेजारच्या तालुक्यातल्या प्राध्यापकांनी मागितले तर त्यांनाही देता यायला हवे होते. म्हणून आम्ही ज्यांचा मूळ आज्ञावलीसंच खुला आहे आणि ज्यांची प्रत वाटायला परवानगी आहे अशाच प्रणाली निवडल्या. रेणू काढण्यासाठी आणि पाहण्यासाठी ‘अवोगाद्रो’, झटपट गणनासाठी बॉन विद्यापीठातल्या स्टेफान ग्रिमे यांच्या गटाची ‘एक्सटीबी’, आणि हार्ट्री-फॉकसारख्या (प्रत्येक इलेक्ट्रॉनवर बाकीच्यांचा सरासरी परिणाम धरणाऱ्या) मूळ पद्धती शिकवण्यासाठी पायथॉन या संगणकभाषेवर चालणारी ‘पायएससीएफ’.

ही निवड सांगितल्यावर एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले, की ब्राउझरमध्ये चित्र काढून एक बटण दाबले की उत्तर देणारी संकेतस्थळे असताना एवढा खटाटोप कशासाठी? प्रश्न रास्त होता. कोपनहेगन विद्यापीठात तयार झालेले ‘मोलकॅल्क’ तसेच आहे, आणि पहिल्या तासाला मी ते मुलांना आवर्जून दाखवते. स्वतः काढलेल्या रेणूची कंपने पडद्यावर हलताना पाहिली, की वर्गात जे कुतूहल जागे होते ते फळ्यावरच्या तरंगफलनाने होत नाही. पण प्रॅक्टिकल तेवढ्यावर थांबले तर विद्यार्थ्याला आपण नेमके काय विचारले आणि संगणकाने काय गृहीत धरले, हे कळतच नाही. कोणती पद्धत, कोणता बेसिस सेट (इलेक्ट्रॉनचे कक्षक ज्या तयार गणिती फलनांतून जुळवायचे तो संच), रेणूवर प्रभार किती, अयुग्मित (जोडी नसलेले) इलेक्ट्रॉन किती, अणू सुरुवातीला कुठे ठेवले, या पाच गोष्टी विद्यार्थ्याने स्वतः लिहिल्या पाहिजेत, असा माझा आग्रह होता आणि आहे. साधन सुलभ करायचे म्हणजे रसायनशास्त्राशी संबंध नसलेल्या अडचणी काढून टाकायच्या. रसायनशास्त्राचे जे निर्णय आहेत ते मात्र विद्यार्थ्याच्याच हाती ठेवायचे.

रसायनशास्त्राशी संबंध नसलेल्या अडचणीच सुरुवातीला सर्वांत जास्त निघाल्या. एका संगणकावर बसवलेली प्रणाली शेजारच्या संगणकावर चालत नसे. फोल्डरच्या नावात मोकळी जागा किंवा देवनागरी अक्षर असले, की काही प्रणाली फाइल सापडत नाही म्हणून थांबत. कुठे विषाणूरोधक सॉफ्टवेअर गणनाची प्रणालीच संशयित ठरवून पुसून टाकी. प्रत्येक बॅचचा पहिला तास यातच जाऊ लागल्यावर आम्ही रचना बदलली. विभागाला मिळालेल्या निधीतून सोळा जीबी रॅमचा एकच चांगला संगणक घेतला, त्यावर उबुंटू बसवले, आणि छोट्या वर्गांसाठी बनवलेली ‘द लिटलेस्ट ज्युपिटरहब’ ही मुक्त प्रणाली टाकली. आता गणन त्या एकाच संगणकावर होते. बाकीच्या जुन्या संगणकांवर फक्त ब्राउझर उघडायचा, आपले नाव आणि परवलीचा शब्द टाकायचा आणि कामाला लागायचे. ज्यांना संगणक पुरत नाही ते त्याच राउटरच्या वायफायवरून मोबाईलवर काम करतात. मोबाईलवर लिहायला त्रास होतो, पण आकडे बदलून पुन्हा गणन चालवणे सहज जमते. बाहेरच्या इंटरनेटची त्या दिवशी गरजच पडत नाही. एकच गाठ सोडवावी लागली: रेणूचे त्रिमितीय चित्र दाखवणारी ‘पायथ्रीडीमोल’ ही प्रणाली तिची जावास्क्रिप्ट फाइल इंटरनेटवरून मागते, त्यामुळे ती फाइल उतरवून सर्व्हरवर ठेवली आणि तिथूनच घ्यायला सांगितले. यूपीएसही एकट्या सर्व्हरलाच जोडलेला आहे. वीज गेली तर समोरचा पडदा काळा होतो, पण निकाल फाइलमध्ये लिहिला जात राहतो आणि वीज आल्यावर विद्यार्थी तो उघडून पाहतो.

सूचनापत्रके आम्ही मराठीत लिहिली, आज्ञा मात्र जशाच्या तशा इंग्रजीत ठेवल्या. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात रेणू काढण्याच्या सॉफ्टवेअरवरचे छोटे पाठ आहेत, आणि त्या प्रकल्पाचे पाठ अनेक भारतीय भाषांत मिळतात. ज्यांनी कधी माउस फारसा धरला नव्हता अशा मुलांना त्यांचा चांगला उपयोग झाला.

पहिले प्रॅक्टिकल पाण्याचे. सर्वांना बंधकोन १०४.५ अंश आणि ऑक्सिजन-हायड्रोजन अंतर सुमारे ०.९५८ अँगस्ट्रॉम हे पाठ असते, त्यामुळे निकालाची पारख करायला त्यांच्याकडे स्वतःचे माप असते. हार्ट्री-फॉक पद्धत आणि एसटीओ-३जी हा सर्वांत छोटा बेसिस सेट घेतला तर कोन जवळजवळ १०० अंश येतो आणि बंध ०.९९ अँगस्ट्रॉमचा होतो. ६-३१जी(डी) हा मोठा संच घेतला की कोन १०५.५ अंशांच्या आसपास जातो आणि बंध ०.९४७ पर्यंत आखडतो. पहिल्या संचात सात फलने आहेत, दुसऱ्यात अठरा, आणि ती ऑक्सिजनवर किती व हायड्रोजनवर किती हे मुले कागदावर मोजतात. ऑक्सिजनला डी प्रकारची फलने कशाला, त्याचे इलेक्ट्रॉन तर डी कक्षकात नसतात, हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो आणि तो आला की मला फार आनंद होतो. कारण बेसिस सेट म्हणजे अणूचे खरे कक्षक नसून इलेक्ट्रॉनची घनता रेणूत जिकडे झुकते तिकडे वळण्याची गणिताला दिलेली मुभा आहे, ही गोष्ट त्या प्रश्नाशिवाय नीट सांगताच येत नाही. मोठा संच घेऊनही बंध खऱ्यापेक्षा आखूडच येतो, तेव्हा उरलेली त्रुटी बेसिस सेटची नसून पद्धतीची आहे, इलेक्ट्रॉनांचा परस्परांना टाळण्याचा स्वभाव हार्ट्री-फॉकमध्ये पुरता धरलेला नाही, हेही तिथेच निघते.

त्याच प्रॅक्टिकलच्या उत्तरार्धात कंपनवारंवारता काढतो. पाण्याची मोजलेली मूल्ये १५९५, ३६५७ आणि ३७५६ प्रति सेंटीमीटर. ६-३१जी(डी) संचाच्या गणनाने सुमारे १८३०, ४०७० आणि ४१९० येतात. याला सुमारे ०.८९ ने गुणायची रूढ पद्धत आहे, आणि मुलांना ती मुळीच पटत नाही. मीही त्यांना ती गळी उतरवायला जात नाही. दहा ते पंधरा टक्क्यांची ही वाढ जवळजवळ प्रत्येक रेणूत त्याच दिशेने दिसते, म्हणून एकच गुणक चालतो. ते पडताळायला कार्बन डायऑक्साइड आणि फॉर्माल्डिहाइड करून पाहा, एवढेच सांगते.

दुसरे प्रॅक्टिकल अमोनियाचे, आणि त्यात एका विद्यार्थिनीच्या पडद्यावर जे घडले त्यामुळे ते आमच्या संचातले सर्वांत मोलाचे प्रॅक्टिकल झाले. अणूंचे निर्देशांक हाताने लिहायचे होते. पाण्याच्या वेळी सर्व अणूंचा झेड निर्देशांक शून्य लिहूनही सगळे ठीक झाले होते, कारण तीन अणू नेहमी एका प्रतलात असतातच. तिने अमोनियालाही तेच केले: नायट्रोजन मध्यबिंदूवर, एक हायड्रोजन १ अँगस्ट्रॉम उजवीकडे, उरलेले दोन उणे ०.५ आणि अधिक-उणे ०.८६६ वर, आणि झेडचा रकाना सगळा शून्य. एक्सटीबीने रचना सुधारली, गणन सुरळीत पूर्ण झाले, आणि रेणू सपाटच राहिला, बंधकोन १२० अंश. तिने वारंवारतांची यादी पाहिली, तर सहापैकी एका संख्येमागे उणे चिन्ह. ती माझ्याकडे येऊन म्हणाली, “मॅडम, आयआर वर्णपटात उणे वारंवारतेचे शिखर कसे असेल?”

मी उत्तर न देता त्या कंपनाचे चित्र मोठ्या पडद्यावर लावायला सांगितले. नायट्रोजन प्रतलाच्या वर आणि तिन्ही हायड्रोजन खाली, मग उलट, अशी ती हालचाल होती. सपाट रेणूत प्रतलाच्या वरची आणि खालची बाजू तंतोतंत सारखी असते, त्यामुळे अणूंना वर किंवा खाली ढकलणारे बलच उरत नाही, आणि बल शून्य दिसल्यावर प्रणाली थांबते. पण बल शून्य असणे म्हणजे ऊर्जा किमान असणे नव्हे, ती कमालही असू शकते. आणि ते सांगण्याचे काम ते उणे चिन्ह करते. गणितात ती वारंवारता काल्पनिक संख्या असते, प्रणाली ती सोयीसाठी उणे छापतात. बारावीच्या गणितातले द्वितीय विकलजाचे प्रकरण त्या बॅचला त्या दिवशी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत पुन्हा भेटले. मग तिने नायट्रोजनचा झेड ०.१ केला, पुन्हा गणन चालवले, आणि रेणू पिरॅमिडसारखा झाला, सहाच्या सहा वारंवारता धन. दोन्ही ऊर्जांतला फरक काढून तिने वहीत लिहिला. प्रयोगातून हा अडथळा सुमारे २४ किलोज्यूल प्रति मोल इतका समजला जातो, आणि अमोनिया उलटीकडे वळताना ज्या सपाट अवस्थेतून जातो ती हीच. चार्ल्स टाउन्स यांच्या गटाने १९५४ मध्ये चालवलेला पहिला मेसर (लेसरचा सूक्ष्मतरंगांवर चालणारा पूर्वज) अमोनियाच्या याच उलटापालटीवर आधारलेला होता, हे ऐकल्यावर मागच्या बाकावरून “मग सपाट अमोनिया चूक नाहीच म्हणायचा” असे कोणीसे म्हणाले. ते अगदी बरोबर होते. आता सूचनापत्रकातच प्रत्येकाला अमोनिया आधी सपाट लिहायला सांगितलेले असते.

ब्युटेनच्या प्रॅक्टिकलमध्ये अडचण निघाली ती अगदी वेगळ्या ठिकाणी. ब्युटेनची अँटी आणि गौश ही दोन संरूपणे (मधल्या बंधाभोवती फिरून होणारे रेणूचे आकार) घेऊन त्यांच्या ऊर्जेतला फरक काढायचा होता. बऱ्याच जर्नलांत (प्रॅक्टिकलच्या वह्यांत) उत्तर शून्य आले. गणन बरोबर होते. फक्त मुलांनी ब्युरेटच्या वाचनाच्या सवयीने ऊर्जा दोन दशांश स्थळांपर्यंत लिहिली होती. हार्ट्री-फॉकने ब्युटेनची एकूण ऊर्जा साधारण उणे १५७.३ हार्ट्री येते आणि एक हार्ट्री म्हणजे २६२५.५ किलोज्यूल प्रति मोल. गौश आणि अँटी यांच्यातला फरक प्रयोगाने सुमारे ३.८ किलोज्यूल आहे, म्हणजे ०.००१४५ हार्ट्री, तो तिसऱ्या दशांश स्थळावर सुरू होतो. प्रचंड मोठ्या दोन संख्यांच्या वजाबाकीत सगळे रसायनशास्त्र दडलेले असते, हे मी आधीही वर्गात सांगत असे; पण स्वतःच्या जर्नलमध्ये शून्य उत्तर आलेल्या मुलाला ते जसे कळते तसे माझ्या सांगण्याने कळत नव्हते. आता आम्ही किमान सहा दशांश स्थळे लिहायला लावतो. पुढची पायरी कागदावरची: ऊर्जेनुसार रेणूंची विभागणी सांगणारे बोल्ट्झमन सूत्र वापरायचे, गौशची दोन रूपे आहेत हे लक्षात घ्यायचे आणि खोलीच्या तापमानाला किती रेणू अँटी असतील ते काढायचे. ३.८ घेतले तर उत्तर ७० टक्क्यांच्या जवळ येते.

ऑक्सिजनच्या रेणूवर मी सर्वांत जास्त वेळ देते, कारण तिथे संगणक कसलीही तक्रार न करता चुकीचे उत्तर देतो. पायएससीएफमध्ये अयुग्मित इलेक्ट्रॉनांची संख्या लिहावी लागते. इलेक्ट्रॉनांच्या एकूण संख्येशी ती जुळत नसेल, तर प्रणाली लगेच चूक दाखवते. ऑक्सिजनचे सोळा इलेक्ट्रॉन शून्य अयुग्मितांशीही जुळतात आणि दोनांशीही. सगळे इलेक्ट्रॉन जोडीने दाखवणारी लुईस रचना डोळ्यांसमोर ठेवून बहुतेक जण शून्य लिहितात, ऊर्जा येते, बंधलांबी येते, सगळे व्यवस्थित दिसते. मग मी दोन लिहून गणन चालवायला सांगते आणि ऊर्जा खाली येते. रेणुकक्षक सिद्धांताचा तास प्रत्येकाने केलेला असतो, द्रव ऑक्सिजन चुंबकाकडे ओढला जातो हेही परीक्षेत लिहिलेले असते. पण इनपुट फाइलमधला तो एक आकडा आणि फळ्यावरचे ते दोन अर्धे भरलेले पाय-स्टार कक्षक एकच आहेत, हा संबंध तिथे जुळतो. हाच आकडा एखाद्या तयार संकेतस्थळाने आपणहून भरला असता, तर तो जुळला नसता.

मोठे रेणू करायची मागणी विद्यार्थ्यांकडून लवकरच येते. कोणाला कॅफीन हवे असते, कोणाला हळदीतले कर्क्युमिन. एक्सटीबीने ती झटपट होतात. हार्ट्री-फॉकने करायला निघाले, की वेळ कसा वाढतो ते दिसते, म्हणून मिथेनपासून ऑक्टेनपर्यंत एकेक कार्बन वाढवत वेळेचा आलेख काढायला देतो. कागदोपत्री हा खर्च फलनांच्या संख्येच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे फलने दुप्पट तर काम सोळा पट. प्रत्यक्षात वाढ त्याहून सौम्य असते, आणि ती का, याचीही चर्चा होते. इथे मी पुण्याचे उदाहरण देते. पुणे विद्यापीठात श्रीधर गद्रे यांच्या गटाने मोठा रेणू एकमेकांवर चढणाऱ्या तुकड्यांत विभागून, प्रत्येक तुकड्याचे गणन करून उत्तर पुन्हा जुळवण्याची पद्धत विकसित केली. मर्यादित संगणकक्षमतेत मोठे प्रश्न कसे घ्यावेत यावर आपल्याच राज्यात एवढे काम झाले आहे, हे तालुक्यातल्या मुलांना ठाऊक असायलाच हवे.

मूल्यमापनावर विभागात बरीच चर्चा झाली. केवळ अंतिम आकड्याला गुण दिले, तर तो शेजाऱ्याच्या पडद्यावरून उतरवता येतो, आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांनाही या प्रॅक्टिकलमध्ये नेमके काय पाहायचे, असा प्रश्न पडत असे. आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. जर्नलमध्ये इनपुट फाइल हाताने लिहायची आणि प्रत्येक ओळीशेजारी तिचे कारण द्यायचे. आणि परीक्षेत गणन करायला न लावता, छापील निकाल हाती देऊन तो ग्राह्य आहे का ते विचारायचे: कुठे एक वारंवारता उणे असते, कुठे गणन अभिसरित न होता, म्हणजे स्थिर उत्तरावर न पोचताच, थांबलेले असते, कुठे प्रभार चुकीचा असतो. व्हायवात परीक्षक त्याच कागदावर बोट ठेवून प्रश्न विचारतात, आणि मराठीत उत्तर दिलेले चालते.

संक्रमण धातूंची संयुगे मात्र आम्ही नेहमीच्या प्रॅक्टिकलमध्ये घेतलेली नाहीत. त्यांचे गणन बऱ्याचदा अभिसरित होत नाही, झाले तरी भलत्याच अवस्थेत जाऊन बसते, आणि तीन तासांच्या बॅचमध्ये त्याची कारणे शोधणे शक्य नसते. ज्यांना रस आहे त्यांना तो विषय प्रकल्पासाठी देतो. त्याऐवजी या वर्षी हायड्रोजन रेणूचे विघटन घेतले आहे. ०.७४ अँगस्ट्रॉमपासून सुरुवात करून दोन्ही अणू दूर नेत जायचे आणि प्रत्येक अंतराला ऊर्जा मोजायची. दोन सुट्या हायड्रोजन अणूंची मिळून ऊर्जा उणे १ हार्ट्री असते, हे हायड्रोजन अणूच्या फळ्यावरच्या उत्तरातून मुलांना आधीच माहीत असते; दोन्ही इलेक्ट्रॉन एकाच कक्षकात कोंबणारी साधी हार्ट्री-फॉक पद्धत त्या रेषेपाशी न थांबता तिच्या बरीच वर निघून जाते. तो आलेख काढून झाल्यावर प्रत्येक इलेक्ट्रॉनला स्वतंत्र कक्षक देणारी पद्धत वापरून दुसरा आलेख त्याच कागदावर काढायचा, आणि दोन्ही कोणत्या अंतरापासून वेगळे होतात ते नोंदवायचे, असे सूचनापत्रक तयार आहे.